मागचं डावं दार

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. पाहुण्याच्या पाहुण्यानं सांगितलेली नाही. माझ्या सख्ख्या सिंधुमावशीच्या बाबतीत घडलेली आहे. मावशी आजही उदगीरलाच राहते आणि तिनं मला हे स्वतःच्या तोंडानं सांगितलं.

आणखी एक. आमचं घर भुताखेताला मानणारं नाही. आमच्याकडं देव्हारा नाही. बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धाची मूर्ती आहे. अंगारे, उतारे, लिंबू-मिरची असलं काही आमच्या उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. तेव्हा खाली कमेंटमध्ये 'शांती करून घ्या' म्हणून कुणी शहाणपण शिकवू नये. वाचायचं तर वाचा, नाही तर पुढं जा.

साल दोन हजार सोळा. बुद्धपौर्णिमेचा दिवस.

आणि रात्र नाही बरं का...

टळटळीत दुपार.

त्या उन्हाळ्यात आमच्या भागाची काय दशा होती ते मराठवाड्याच्या माणसाला सांगायला नको. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. उदगीरच्या नळाला तर कोळ्यांनी जाळी केली होती. एकीकडं चहाच्या हॉटेलात उदगीर जिल्हा होणार, जिल्हा होणार म्हणून चर्चा रंगायची, आणि म्हातारी माणसं हसायची. "जिल्हा करा की. साहेब लोकांला प्यायला पाणी कुठून आणता?"

माझे आजोबा पंढरी. जन्म छप्पनच्या धम्मदीक्षेच्या आधीचा, म्हणून नाव पंढरी. पुढं घर बौद्ध झालं, नाव तेवढं राहून गेलं. सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात पाटकरी म्हणून झाली. कालव्याचं पाणी शेतोशेती सोडायचं, हेच काम. रिटायर झाल्यावर एक जुनी पांढरी गाडी घेतली. गाडी कसली, खटारा. पण आजोबांचा तिच्यावर भारी जीव.

सिंधुमावशी त्यांची धाकटी लेक. सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तिचे यजमान लवकर गेले, मूलबाळ नाही. त्यामुळं घरात बापलेक दोघंच.

मावशी ड्युटीवर गेली की आजोबा गाडीत कॅन टाकायचे आणि देगलूर रोडला व्यंकटरावांच्या मळ्यात पाण्याला जायचे. आसपासच्या सगळ्या विहिरी आटलेल्या. व्यंकटरावांच्या बोअरला तेवढं पाणी होतं, आणि माणूस दिलदार, कुणाला नाही म्हणत नव्हता. लहानपणी ह्याच शिवारात आजोबांच्या ओंजळीत लोकांनी वरून पाणी ओतलं होतं. आता सगळ्यांची भांडी एका रांगेत लागत होती. आजोबा म्हणायचे, "दुष्काळानं एवढं एक काम चांगलं केलं बघ."

येताना कॅन मागच्या सीटवर असायचे. झाकणं ढिली. वळण आलं की पाणी हिंदकळायचं आणि मागच्या डाव्या दारात झिरपायचं. त्यानं त्या दाराच्या सेंट्रल लॉकची मोटर गेली. बाकीची तीन दारं टकाटक उघडायची. हे दार मनात आलं तर उघडायचं, नाही तर आतली खुंटी दोन बोटांनी जोर लावून वर ओढावी लागायची.

"बाबा, ते दार दुरुस्त करून घ्या," मावशी रोज म्हणायची.

"अगं, तीन दारं चांगली हाईत की. चौथ्याचं काय लोणचं घालायचंय?"

दोघं हसायचे. विषय तिथंच राहायचा.

बोअरवर लाईटचा भरवसा नसायचा. आली तर सकाळी आली, नाही तर दुपार टळून जायची. लोक भांडी रांगेत ठेवून सावलीला पडायचे. मग हळूहळू तिथं एक रीतच पडली.

झोपलेल्या माणसाला उठवायचं नाही.

त्याचा नंबर आला तर मागच्यानं त्याची भांडी भरून ठेवायची. सगळे थकलेले, सगळ्यांची झोप उडालेली. एखाद्याचा डोळा लागला तर लागू द्यावा, एवढीच माया. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळे पाळायचे.

आजोबा लिंबाखाली गाडी लावून, तंबाखू मळून तोंडात टाकून मागच्या सीटवर आडवे व्हायचे. डोकं डाव्या दाराकडं. काच चार बोटं खाली आणि उन्हाची झळ नको म्हणून काचेवर रुमाल अडकवलेला.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी त्यांचा नंबर आला.

रीतीप्रमाणं त्यांना कुणी उठवलं नाही. सरजाबाई नावाची एक म्हातारी रांगेत त्यांच्या मागं होती. शेतमजूर बाई, तोंडावर सुरकुत्यांचं जाळं. तिनं आजोबांचे सगळे कॅन भरले. गाडीच्या मागं नेऊन ठेवले. मग हाक मारली.

"पंढरीदादा, उठा. झालं तुमचं पाणी."

आजोबा उठले नाहीत.

हार्ट अटॅक होता. मावशीच्याच दवाखान्यात आणलं, तिच्याच वॉर्डात. अंग गरम होतं, पण ते उन्हानं. डॉक्टर म्हणाले, गेल्याला वेळ झालाय.

घरी त्यांना अंघोळ घालायला पाणी कुठलं? तेच पाणी. जे आणायला ते गेले होते, सरजाबाईनं भरून दिलेलं. त्याच पाण्यानं त्यांना न्हाऊ घातलं. आमच्यात दिवसांच्या जागी जलदान विधी असतो, त्यालाही तेच घेतलं. उरलेलं मावशी पुढं चार दिवस प्याली. पिताना घशाखाली उतरत नव्हतं, पण सांडायचं कसं? त्या दिवसांत पाणी सांडणं म्हणजे पाप.

भेटायला येणारा प्रत्येक जण एकच बोलत होता.

"झोपेत गेले. नशीबवान माणूस. कुणाला तरास न्हाई, कुणाची सेवा न्हाई."

मावशी मान हलवायची. त्या एका वाक्यावर तिनं जीव तगवला होता. बाप गेला, पण झोपेत गेला. त्याला काही कळलं नाही.

पण मावशी सिस्टर आहे. छातीत कळ आलेली माणसं तिनं रोज बघितलेली. ती माणसं पडून राहत नाहीत. उठून बसतात, दाराकडं धावतात, हवा मागतात. हा विचार मनात आला की ती दोन्ही हातांनी तो मागं ढकलायची. नाही. बाबा झोपेतच गेले.

मग तो आवाज सुरू झाला.

पहिल्यांदा सकाळी. मावशी अंगणात भांडी घासत होती. गाडी दारात उभी, चावी घरात खिळ्याला.

आणि...

टक्.

मावशीनं मान वर केली. गल्लीत कुणी नव्हतं. वाटलं, ऊन तापायला लागलंय, पत्रा वाजला असेल.

टक्... टक्.

गाडीतूनच.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या उमाबाई कुंपणावरून म्हणाल्या, "सिंधु, गाडीत कुणी बसलंय का गं? आतून दार वाजवून राहिलंय कुणीतरी."

मावशीनं हातातलं काम टाकलं. म्हणजे हा तिच्या मनाचा खेळ नव्हता.

ती गाडीजवळ गेली. आत बघितलं. सीट रिकामी. मागच्या डाव्या दाराची खुंटी खाली होती.

ती बघत असतानाच...

खुंटी इवलीशी वर आली. थरथरली. आणि परत खाली पडली.

टक्.

पलंगावरचं दुखणेकरी माणूस उशीवरून डोकं उचलायला बघतं आणि जमत नाही, तसं. मावशीनं मला हे सांगितलं तेव्हा ती रडत होती. "मला भ्या न्हाई वाटलं रे," म्हणाली. "मला कीव आली."

बुद्धपौर्णिमेला तिला सुट्टी होती. सकाळी विहारात वंदना झाली आणि तिथून ती गाडी घेऊन थेट शिवमूर्तीकडं गेली. शिवमूर्ती म्हणजे नळेगाव रोडचा गाड्यांचं वायरिंग करणारा माणूस. आजोबांचा चांगला दोस्त. सारखा तोंडात तंबाखू आणि सारखी बडबड.

"कामून एवढी घाई? सणाच्या दिशी तरी बसावं की घरी."

"दार वाजतंय. आजच्या आज करा," मावशी म्हणाली.

त्यानं दाराचं आतलं पॅड खोललं. आतला प्लॅस्टिकचा कागद बाजूला केला.

आणि दोघं बघतच राहिले...

दाराच्या आत पाणी होतं.

चांगलं तांब्याभर. स्वच्छ. गाडीत शेवटचे कॅन ठेवल्याला तीन आठवडे होऊन गेले होते. ऊन असं, की सकाळी भरलेली बादली संध्याकाळी बोटभर उतरायची. शिवारातल्या विहिरी कोरड्या ठाक, आणि ह्या दारात पाणी.

"अय्यो," शिवमूर्ती म्हणाला. "खालची भोकं मातीनं बुजलीत वाटतं."

त्यानं मोटर काढली. वायरी कापल्या. मोटरीला बॅटरीच्या दोन तारा लावून बघितल्या. ती हललीसुद्धा नाही. गंजून दगड झाली होती.

"मेली ही. लई दिवस झाले मरून. ही वाजूच शकत न्हाई, ताई."

मग त्यानं खुंटीपासून मोटरीपर्यंत जाणारी सळई बाहेर ओढली. उजेडाला धरली. सळई मधोमध वाकलेली होती.

"तिच्या मायला, हिला कुणी एवढा जोर लावला? मोटर जाम, आणि वरून कुणीतरी जीव खाऊन ओढलंय. वाकल्या जागी गंज न्हाई बघा. हे अलीकडंच..."

बोलता बोलता त्याला आठवलं, आपण कुणाशी बोलतोय. त्यानं जीभ चावली.

मावशी टायरांच्या ढिगावर बसली.

"कॅनच्या वजनानं वाकली असंल," शिवमूर्ती खाली बघून म्हणाला. "हाव, कॅनच्याच वजनानं. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

पण मावशीला कळायचं ते कळलं होतं. कॅन वरून खुंटी ओढत नसतात.

तेवढ्यात...

टक्.

दोघांनी दाराकडं बघितलं. दार उघडं होतं, आतून पोकळ. आत मोटर नव्हती, सळई नव्हती.

टक्... टक्.

आवाज दारातून येत नव्हता. जमिनीवर पोत्याचा तुकडा अंथरलेला होता. त्यावर ती गंजलेली मोटर पडली होती. वायरी कापलेल्या. तिचा पुढचा दांडा आत जात होता, बाहेर येत होता.

टक्.

शिवमूर्ती उठून चार पावलं मागं गेला. मावशी मात्र वाकली आणि तिनं त्या मोटरीवर हात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

आवाज थांबला.

शिवमूर्तीनं नवी मोटर बसवली, नवी सळई घातली. काम पुरं केलं. चावी फिरवली. चारही दारं एकदम उघडली, एकदम लागली.

"झालं, ताई. आता आवाज यायला नको." मग हळूच म्हणाला, "आला तर माझ्याकडं आणू नका. पाया पडतो."

मावशी घरी गेली नाही. डिकीत रिकामे कॅन होते. घरात पाण्याचा थेंब नव्हता. जगणाऱ्याला पाणी तर लागतंच. ती देगलूर रोडला लागली. बाबा गेल्यापासून त्या मळ्यात ती गेली नव्हती.

मळ्यात पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

बोअरसमोर भांड्यांची लांब रांग. घागरी, कॅन, डबे, कळश्या.

पण माणूस...

एकही नाही.

लाईट गेली असेल, लोक भाकरी खायला गेले असतील, असं तिनं मनाला सांगितलं. आपले कॅन रांगेच्या शेवटी ठेवले. गाडी लिंबाखाली घेतली. उन्हाच्या झळा भाजत होत्या. आणि तिला वाटलं, बाबा पडायचे तिथं एकदा बसावं. दार आता दुरुस्त आहे. भ्यायचं काय?

ती मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसली. दार लावलं. काच चार बोटं खाली घेतली. तोंडाचा स्कार्फ सोडून काचेवर अडकवला, अर्धी काच उघडी राहील असा. सीटला अजून बाबांचा वास होता. त्या वासानं तिला हुंदका आला. रडता रडता तिचा डोळा लागला.

जाग आली ती पाण्याच्या आवाजानं.

धार पडत होती. डबे वाजत होते. माणसं बोलत होती. मावशीला वाटलं, चला, लाईट आली.

ती उठायला गेली...

उठता येईना.

छातीवर कुणी जात्याची तळी ठेवावी तसं ओझं. डावा हात खांद्यापासून ओढत होता. अंगाला थंड घाम. मावशी सिस्टर आहे. हे काय आहे ते तिला लगेच कळलं. ओरडायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली.

तिनं खुंटीकडं हात नेला. बोटांत पकडली. ओढली.

टक्.

वर येऊन परत खाली.

आणि बोटांना बाबांच्या तंबाखूचा वास येत होता. मावशीनं जन्मात कधी तंबाखूला हात लावलेला नाही.

बाहेरून एक माणूस बोलला, अगदी जवळून.

"पंढरीमामाचा नंबर आला. उठवा की त्याला."

पंढरीमामाचा.



मग एका बाईचा आवाज. मायेचा.

"नका रे, कामून उठवता? म्हातारा जीव, उन्हानं दमलाय. झोपू द्या."

टक्... टक्...

मावशी ओढत होती, का आणखी कुणी ओढत होतं, तिला कळत नव्हतं.

"काय वाजलं गं?"

"डबा वाजला असंल. मी भरते दादाचे कॅन. माझी घागर राहू द्या मागं. आज धार बारीक हाय, उरंल का न्हाई कुणास ठाऊक. म्हातारा माणूस रिकामा जाऊ नये."

मावशीनं सगळा जोर एकवटून काचेवर नखं ओढली. बाहेर पावलं वाजली. कुणीतरी जवळ आलं. काचेच्या उघड्या भागातून बांगड्यांचा एक हात आत आला. सुरकुतलेला, ओला.

मावशीला वाटलं, आता दार उघडेल.

त्या हातानं काचेवरचं फडकं धरलं. हळूच ओढलं. नीट केलं. उघडी काच पूर्ण झाकली.

"ऊन लागंल तोंडाला," बाई म्हणाली.

आणि पावलं लांब गेली.

आत अंधार झाला. धार पडत राहिली. डबे भरत राहिले. सगळे जवळ होते, सगळे चांगले होते, आणि कुणीही दार उघडत नव्हतं. मावशी म्हणते, त्या वेळी तिला दुखणं जाणवलं नाही. तिला फक्त बाबांचं एकटेपण जाणवलं. बाबा जागे होते. शेवटपर्यंत जागे होते. हे सगळं त्यांनी ऐकलं होतं.

"बाबा," ती मनातल्या मनात म्हणाली. "कळलं मला. कळलं."

टक्.

खुंटी वर आली.

या वेळी ती खाली पडली नाही. दार आपोआप उघडलं आणि मावशी मातीत पडली.

छातीवरचं ओझं गेलं होतं. हात दुखत नव्हता. तिनं डोळे उघडून बघितलं...

पाण्याची धार नव्हती. बोलणं नव्हतं. बोअरचा पाइप कोरडा. समोर तीच भांड्यांची रांग, आणि रांगेत एकही माणूस नाही.

गाडीच्या काचेवर तिचा स्कार्फ होता. तिनं अर्धा अडकवलेला. आता कुणीतरी तो ओढून पूर्ण काच झाकेल असा नीट केलेला होता.

ती तशीच मातीत बसून राहिली. किती वेळ, तिला आठवत नाही. मग बांधावरून कुणीतरी येताना दिसलं. डोक्यावर पदर, काखेत घागर.

सरजाबाई.

आजोबा गेल्यापासून ही बाई मावशीच्या समोर आली नव्हती. विधीलासुद्धा दारातूनच परत गेली होती. आज मात्र ती सरळ आली आणि मावशीजवळ मातीतच बसली. मग बोलायला लागली, आणि बोलताना मावशीकडं बघत नव्हती.

"सिंधु, माय, मला झोप लागत न्हाई बघ. त्या दिशी पोरं म्हणत व्हती, मामाला उठवा. मीच न्हाई म्हणले. मीच म्हणले, झोपू द्या. माझी घागर मागं ठिवली आन दादाचे कॅन भरले. मला पाणी मिळालंच न्हाई त्या दिशी, रिकामी गेले. त्याचं कायबी न्हाई. पण मी गाडीपाशी गेल्ते, सिंधु. काचंवरचा रुमाल सरकला व्हता. ऊन लागंल म्हणून मी नीट केला. आत नीट बघितलंबी न्हाई गं. बघितलं असतं तर..."

हे मावशीला आजवर कुणीही सांगितलेलं नव्हतं. घागरीचं नाही, रुमालाचं नाही. हे तिनं आत्ता, त्या दाराच्या आत बसून ऐकलं होतं. शब्दाला शब्द.

सरजाबाईनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे लाल झालेले.

"तू दवाखान्यात हाईस. तुला कळतं. खरं सांग मला. दादा झोपेतच गेले ना?"

मावशी म्हणते, त्या क्षणी तिच्या तोंडात खरं आलं होतं. अगदी ओठावर आलं होतं. बाप तिचा होता. तडफडून गेला होता, माणसांच्या गराड्यात. आणि समोर तीच बाई बसली होती जिनं रुमाल नीट केला होता.

तीच बाई, जी स्वतः तहानलेली राहून त्याचं पाणी भरत होती.

मावशीनं तिचा सुरकुतलेला हात हातात घेतला.

"हाव, सरजामावशी. झोपेतच गेले. त्यांना कायबी कळलं न्हाई."

"खरं?"

"खरं. मी सिस्टर हाय. मला कळतं."

सरजाबाईनं मावशीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि लहान पोरीवानी रडली. मावशी तिच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि तिचा स्वतःचा जीव आतून तुटत होता. रडायचा हक्क तिचा होता, पण ती रडली नाही. तिनं मागं गाडीकडं कान दिला होता.

गाडीत काहीच वाजलं नाही.

त्या दिवसानंतर त्या दारानं कधी आवाज केला नाही. पण मावशीचा घोर गेला नाही. ती मला विचारते, बाबांनी मला हे दाखवलं ते कशासाठी? मी लोकांना खरं सांगावं म्हणून, का सरजाबाईला खोटं सांगावं म्हणून? मी त्यांचं ऐकलं, का त्यांचं तोंड कायमचं बंद केलं?

सरजाबाई असेपर्यंत हे कुणाला सांगायचं नाही, असं मावशीनं मला बजावलं होतं. गेल्या पावसाळ्यात सरजाबाई वारली. घरात, अंथरुणावर, माणसांत. म्हणून आज लिहिलं.

मी नांदेडला असतो. स्टँडवर, दवाखान्याच्या बाहेर, कुठंही उभ्या गाडीत कुणी झोपलेलं दिसलं की माझे पाय थांबतात. मी काचेवर टकटक करतो. लोक चिडतात. शिव्या देतात. एकानं तर गचांडी धरली होती.

मी उठवतोच. ते डोळे उघडून मला शिव्या देईपर्यंत मी तिथून हलत नाही.